वेळूच्या बनातील २५ दिवस

तलवारबाजीच्या चित्रपटाला गेलेला प्रेक्षक तलवार म्यानातून केव्हा निघते इकडेच डोळे लावून बसलेला असतो. किंग हू ह्या चिनी दिग्दर्शकाने 'शिआ न्यू', म्हणजे 'वीरांगना', ह्या आपल्या चित्रपटात त्याला जवळजवळ तासभर तिष्ठत ठेवले. त्या तासात पडद्यावर दिसते काय? कोळ्यांची जाळी, गवत माजलेली एक ओसाड गढी, आणि लग्नासाठी व सरकारी परीक्षेसाठी आईची बोलणी खाणारा, चित्रे काढून पोट भरणारा एक पंडित. १९७० साली तैवानमधील प्रेक्षकांना हे मानवले नाही.

हू हे मूळचे बीजिंगचे. जन्म १९३२ चा. १९४९ साली ते हाँगकाँगला आले आणि चित्रपटाच्या धंद्यात शिरले. नेपथ्य केले, नटाचे काम केले, मग दिग्दर्शनाकडे वळले. शॉ बंधूंसाठी काढलेल्या 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) ह्या चित्रपटात त्यांनी चंग पेइ-पेइ ह्या तरुण नटीच्या हाती शस्त्र दिले. पुढे ते तैवानला गेले. तेथे १९६७ च्या 'ड्रॅगन इन'ला लोटलेल्या गर्दीने त्यांना हवे तसे काम करण्याची मोकळीक मिळाली. ती मोकळीक त्यांनी ह्या एकाच चित्रपटावर उधळली असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कथाबीज पू सुंगलिंग (१६४०–१७१५) ह्यांच्या अद्भुतकथांतले. शेजारी राहावयास आलेली एक अबोल तरुणी पित्याच्या हत्येचा सूड घेते, एवढाच तिचा गाभा. हू यांनी तिला इतिहासाचा पाया दिला. मिंग दरबारात वेइ चुंग-श्येन नावाचा खोजा सर्वसत्ताधीश झाला होता. १६२४ साली यांग ल्येन ह्या अधिकाऱ्याने त्याच्या २४ अपराधांची यादी बादशहापुढे ठेवली. बादशहाने कानाडोळा केला, आणि पुढल्याच वर्षी यांग तुरुंगात हालहाल होऊन मेला. चित्रपटातील नायिका ह्या यांगची कन्या, आणि मागावर आहेत ते त्या खोजाचे हेर. पित्याचे मरण इतिहासातले असल्यामुळेच, माझ्या मते, ह्या कल्पित मुलीचे पळणे मनाला झोंबते.

आता त्या वेळूच्या बनाविषयी. तेथील लढाई पडद्यावर सुमारे दहा मिनिटांची. चित्रणास मात्र २५ दिवस लागले. द्वंद्वांची आखणी हान यिंग-चिए ह्यांची. हा गृहस्थ चिनी संगीतनाटकातून आलेला; त्यामुळे पात्रे धावतात, थबकतात, वळतात ती नाटकातल्या नगाऱ्याच्या ठेक्यावर. उंचावरून झेपावणारी नायिका प्रत्यक्षात दृष्टीआड ठेवलेल्या लवचीक जाळीवरून उडी घेत असे. मग हू कात्री चालवीत: उडीचा आरंभ, हवेतील एक निमिष, आणि वार. मधले सारे गाळलेले. ती उडाली हे आपण पाहत नाही. उडाली असे मानतो.

नायिका शू फंग तेव्हा जेमतेम १७–१८ वर्षांची होती. तिच्या डोळ्यांची पापणी लवत नाही, आणि तिच्या मुद्रेवर पुष्कळसा चित्रपट तोलला गेला आहे. इंग्रजीत चित्रपटाचे नाव 'अ टच ऑफ झेन'. 'झेन' हे आपल्याच 'ध्याना'चे रूप. संस्कृतातून चिनीत 'छान' आणि जपानीत 'झेन' झालेले. शेवटी जखमी भिक्षूच्या अंगातून रक्ताऐवजी सोने ठिबकते. काहींना ते अति वाटते; मला नाही.

१९७० व १९७१ अशा दोन भागांत चित्रपट लागला आणि पडला. १९७५ साली कान येथे सुमारे तीन तासांच्या अखंड रूपात तो दाखविला गेला, व तांत्रिक गुणवत्तेचा मोठा पुरस्कार घेऊन आला. हू यांना मात्र एका चित्रपटावर इतकी वर्षे घालविण्याची सवड पुन्हा मिळाली नाही. अमेरिकेत रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांवरील चित्रपटाची तयारी चालू असताना १४ जानेवारी १९९७ रोजी ते तैपेई येथे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वारले.

तीन वर्षांनी आंग ली यांनी 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये दोन योद्ध्यांना वेळूच्या शेंड्यांवर लढविले. त्याच चित्रपटात चंग पेइ-पेइ खलनायिका आहे. शू फंग पुढे निर्माती झाली. तिच्या 'फेअरवेल माय काँक्युबाइन'ला १९९३ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. आपल्या तरुणपणचा तो पडलेला चित्रपट जीर्ण झाला, तेव्हा त्याच्या जीर्णोद्धाराचा खर्च तिनेच उचलला, आणि २०१५ साली तो कानच्या पडद्यावर पुन्हा झळकला.