अर्थ नसलेल्या गाण्याची चाल

शाळेच्या ओसरीवर पोरं बडबडगीत म्हणू लागली, की आपण मोठी माणसं हसून सोडून देतो. ज्याला अर्थच नाही त्याला चाल कसली, असं आपल्याला वाटतं. अशाच कवितांना मनापासून चाल लावणाऱ्या दोघांची हकीकत आज सांगतो.

पहिला एडवर्ड लिअर. जन्म १८१२ चा, लंडनजवळचा, धंद्याने चित्रकार. लहानपणापासून त्याला फेफऱ्याचा विकार होता. तो त्याने जन्मभर लोकांपासून लपवला. लग्नही झाले नाही. १८४६ साली त्याने मुलांसाठी निरर्थ कवितांचे पुस्तक काढले. १८७३ च्या नोव्हेंबरात तो मुंबईला उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानात चित्रे काढीत हिंडला.

लिअर पियानो वाजवी, पण कानाने. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपल्या बाजाच्या पेटीसारख्याच. मात्र पेटीचा सूर भात्याच्या वाऱ्यावर टिकतो. पियानोत पट्टी दाबली, की आत तारेवर हातोडी पडते, सूर उमटतो आणि विरत जातो. म्हणून गाणारा ओळ लांबवतो, तेव्हा पियानो खाली नवे सूर टाकून त्याला आधार देत राहतो.

लिअरची एक कविता घडते आपल्या पूर्वेकडच्या चोळमंडल किनाऱ्यावर. 'याँगी-बाँगी-बो' नावाचा एक छोटासा माणूस. घरात दोन जुन्या खुर्च्या, अर्धी मेणबत्ती आणि कान तुटलेला एक चंबू. तो एका बाईला मागणी घालतो. तिचे लग्न आधीच झालेले! बिचारा कासवाच्या पाठीवर बसून समुद्रात निघून जातो. नाव ऐकून हसू येते, हकीकत ऐकून मात्र येत नाही. हिची चाल लिअरची स्वतःची. इटलीतल्या सान रेमो गावच्या प्रोफेसर पोमे यांनी ती पियानोवर बसवून दिली आणि १८७७ च्या पुस्तकात ती कवितेबरोबर छापली गेली.

दुसरा, रशियात जन्मलेला थोर संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्की. १९६६ साली, वयाची ८४ वर्षे झाल्यावर, त्याने लिअरच्याच एका कवितेला गळा आणि पियानो यांसाठी चाल लावली. तीत घुबड आणि मांजर होडीत बसून जातात नि लग्न लावतात. स्ट्राव्हिन्स्कीच्या पत्नीने, व्हेराने, इंग्रजीतली पहिली पाठ केलेली कविता हीच. म्हणून गाणे तिलाच अर्पण केले. सप्तकातले बाराही स्वर ठरलेल्या क्रमाने मांडायची एक कडक पद्धत आहे. त्याच वर्षी मृतांच्या प्रार्थनेच्या रचनेत त्याने ती वापरली होती, आणि घुबड-मांजरीलाही तीच लावली. हीच त्याची शेवटची स्वतंत्र रचना. १९७१ साली तो वारला.

तेव्हा गुरुजी, बडबडगीताला चाल लावताना मुद्दाम हसवायला जाऊ नका, बरं का! हसू शब्दांत असतंच. शब्दांचं वजन ओळखा, ताल नीट धरा, आणि पोरांना 'याचा अर्थ काय?' हे विचारण्याआधी ते एकदा मोकळेपणाने म्हणू द्या.