राणीगंज : नावातला बाजार आणि दामोदरची वाट

राणीगंज म्हटले की भारतातील पहिल्या कोळसाखाणी, एवढेच पाठ्यपुस्तके सांगतात. १७७४ साली समनर आणि हीटली या कंपनीच्या दोन नोकरांना वॉरन हेस्टिंग्जकडून परवानगी मिळाली, ही त्यातली ठरलेली पहिली ओळ. आम्हांला आधी गावाच्या नावाकडे पाहावेसे वाटते. ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. राणी बर्दवानच्या राजघराण्यातली मानतात. नाव खाणीचे नाही, पेठेचे आहे. आणि या पेठेचे दैव बराच काळ जवळून वाहणाऱ्या दामोदर नदीने ठरवले.

(मराठी वाचकाने हा मुलूख अगदीच परका मानू नये. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर पंचेतच्या बाजूनेच बर्दवानवर उतरले होते. ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला आणि बंगाली अंगाईगीतांत भयाचा शब्द म्हणून उरला.)

दामोदर ही बारमाही जलवाट नव्हे. वर्षाचा बराच काळ तिचे पात्र वाळूचेच असते. पावसाळ्यात लोंढा आला की नावा सुटत, त्या खाली आमत्यापर्यंत जात. तेथे कोळसा साठवायचा आणि मग सवडीने कलकत्त्यास न्यायचा. म्हणजे कोळसा खणायचा वर्षभर, पण हलवायचा पावसाच्या मर्जीने. पूर लवकर ओसरला की माल घाटावरच पडून. अशा धंद्यात खाणीइतकेच मोल नावांना, नावाड्यांना आणि घाटाला होते. इतिहासकार खाणमालकांची नावे जपून ठेवतात, नावाड्यांची नाहीत; हे आम्हांला नेहमी खटकत आले आहे.

१८३६ मध्ये राणीगंजची खाण द्वारकानाथ ठाकूरांनी विकत घेतली. ही निव्वळ जमीनदारी हौस नव्हती. हुगळीवर जहाजे ओढणाऱ्या वाफेच्या बोटींच्या धंद्यातही ते होते, म्हणजे कोळसा विकणारा आणि जाळणारा हात एकच. १८४३ साली प्रतिस्पर्धी पेढीशी जुळवून घेऊन बेंगॉल कोल कंपनी उभी राहिली. द्वारकानाथ १८४६ मध्ये लंडनला वारले, कार-टागोर पेढी १८४८ साली बुडाली; कोळसा कंपनी मात्र टिकली. रवींद्रनाथांच्या घराण्याचा विचार करताना आपण उपनिषदे आठवतो, दामोदरचा घाट आठवत नाही.

३ फेब्रुवारी १८५५ रोजी हावड्याहून आगगाडी राणीगंजला आली आणि नावांचे दिवस संपत आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये संथाळांचा उठाव पेटला. कोळसा न्यायला आणलेल्या लोहमार्गाने पलटणी आल्या. १८५७ मध्येही फौजा येथपर्यंत गाडीने येऊन पुढे बैलगाड्यांनी ग्रँड ट्रंक रस्त्याला लागल्या. आणि ज्यांच्यावर पलटणी गेल्या, त्यांचीच मुलेमाणसे पुढे या खाणींत मजूर म्हणून उतरली.

त्यांना साहित्यात जागा मिळायला १९२०चे दशक उजाडावे लागले. जवळच्या अंडालचे शैलजानंद मुखोपाध्याय आणि चुरुलियाचे काझी नझरुल इस्लाम हे राणीगंजच्या शाळांतले मित्र. नझरुल १९१७ मध्ये शाळा सोडून पलटणीत गेले. शैलजानंदांनी ‘कयलाकुठी’ लिहून संथाळ खाणमजुराला बंगाली कथेत आणले. त्यांच्या आजोळी खाणींचा धंदा होता, हे विसरून ती कथा वाचता येणार नाही. लेखक येथे पाहुणा नाही, मालकाच्या ओसरीवरून पाहणारा आहे. यात तिचे बळ आहे, आणि आमच्या मते तिची मर्यादाही.

उपविभागाचे ठाणे १९०६ मध्ये आसनसोलला गेले. २०१५ साली राणीगंजची नगरपालिकाही त्याच शहराच्या महापालिकेत विलीन झाली. दरम्यान खाणी १९७३ मध्ये सरकारी झाल्या. कोळसा काढून जमिनीखाली ज्या पोकळ्या उरतात, त्या वाळूने भरण्याची पद्धत या खाणपट्ट्यात रुजली. ती वाळू येते दामोदरच्या पात्रातून.