करपरताव्याचे चित्रपट आणि हैदराबादचा मराठी प्रेक्षक

मराठी चित्रपटांचा इतिहास सांगताना दोन टोके हमखास पकडली जातात. १९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीला पुन्हा मिळाला तो थेट २००४ मध्ये, ‘श्वास’मुळे. मधल्या पन्नास वर्षांतले ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ आदराने आठवले जातात. बाकीची रास ‘थिल्लर’ म्हणून बाजूला सारली जाते. आजचा विषय ती रास आहे.

ती साठली कशी, याचे उत्तर बरेचसे सरकारी कागदात सापडते. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने करपरतावा योजना आणली. मराठी चित्रपटाच्या खेळांवर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळू लागला. मात्र त्यासाठी त्याने पुढचा मराठी चित्रपट काढायला हवा होता. हिंदीच्या लोंढ्यापुढे टिकून राहायला या आधाराची गरज होती. पण अट चित्रपट काढण्याची होती, चांगला काढण्याची नव्हती. मग परतावा पदरात पाडण्यापुरता चित्रपट, हेही गणित जमू लागले. थोडे दिवस, एखादा बंगला, एक बाग, ओळखीचे विनोदी नट आणि वेषांतराचा घोळ, एवढ्या भांडवलावर कितीतरी चित्रपट उभे राहिले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा दाखवणे बंधनकारक केले, आणि तो भरून काढण्यासाठी स्वस्त, घाईचे चित्रपट निघाले. त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले. पण मायकेल पॉवेलसारखा थोर दिग्दर्शक त्याच कामावर हात बसवून पुढे आला. आपल्याकडेही लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ यांची विनोदाची लय या धबडग्यातच मुरली. १९८५ चा ‘धुमधडाका’ हा त्या लाटेतला ठळक चित्रपट. त्याचे मूळ तमिळमधले. तीच कथा १९६५ साली ‘प्रेमिंची चूडु’ या नावाने तेलुगूत येऊन गेली होती, नायक अक्किनेनी नागेश्वर राव. म्हणजे मुंबईकराला जे नवे वाटले, ते हैदराबादकराच्या घरी वीस वर्षांपूर्वीच ओळखीचे झालेले असू शकते.

आता आपल्याकडे वळू. करमणूक कर हा त्या काळी राज्याचा विषय होता. सुलतानबाजारच्या किंवा काचीगुड्याच्या माणसाने मराठी चित्रपटाचे तिकीट काढले, तरी त्याचा कर आंध्र प्रदेशच्या तिजोरीत जाई. महाराष्ट्राच्या परताव्यात त्याची एक दमडीही धरली जात नसे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि आपण एकाच राज्यात होतो. त्या तारखेने जी रेषा ओढली, ती चित्रपटाच्या जमाखर्चातही उमटली. निर्मात्याच्या हिशेबाच्या वहीत आपण नव्हतो.

मग हे चित्रपट आपल्यापर्यंत पोचले कसे? दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवत. पण तिथे प्रामुख्याने पुरस्कारप्राप्त चित्रपटांना जागा असे. थिल्लर म्हणवल्या गेलेल्यांना व्हिडिओ कॅसेटचा आधार होता. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली. तिला दिवसाचे तास भरायचे होते, आणि जुनी रास तयार होती.

त्या चित्रपटांची कथा कुणाला धड आठवणार नाही, पण त्यांतली मराठी कानात राहिली. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी ऐकणाऱ्या मुलांना व्याख्यानांतून व ग्रंथांतून शुद्ध मराठी मिळत होती. भांडणाची, थट्टेची, उधारी चुकवणाऱ्याची मराठी मात्र या चित्रपटांत होती. भाषा घरात टिकायची तर तीही लागते. आपल्या पिढ्यांच्या मराठीचा इतिहास लिहिताना ग्रंथालयाइतकाच कॅसेटचाही विचार करावा लागेल.

पण तो लिहिण्याची साधने आज हातातून निसटत आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे; परंतु ज्या चित्रपटाला कोणी मोलाचे मानलेच नाही, त्याची प्रत जपण्याची घाई कुणाला असणार? चुंबकीय फीत ओल आणि बुरशीने निकामी होते. आपल्या माळ्यावर त्या काळच्या कॅसेट असतील, तर टाकण्यापूर्वी वरची नावे वाचून घ्यावीत. त्या कधी आणल्या आणि कोणाबरोबर पाहिल्या, हेही लिहून ठेवावे. ज्या हिशेबात आपली नोंद झाली नाही, तिथली जागा आता आपणच भरायची आहे.