वला, बल आणि असुर

टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’मधले (१९७७) देव म्हणजे ‘वलार’. एकवचन ‘वला’, देवी असल्यास ‘वलिए’. अर्थ सामर्थ्यवान. मराठी कान लगेच ‘बल’कडे वळतो आणि गंमत म्हणजे ग्रंथाच्या परिशिष्टात मूळ धातू ‘बल्’ असाच दिला आहे. टॉल्किनने रचलेल्या क्वेन्या भाषेत आरंभीच्या ‘ब’चा ‘व’ झाला. त्याच्याच दुसऱ्या भाषेने, सिंदारिनने, ‘ब’ राखला, म्हणून तिथे ‘बलान’, अनेकवचनी ‘बेलाइन’. आपला ‘वड’ आणि हिंदीतला ‘बड़’ यांत अशीच अदलाबदल आहे, फक्त दिशा उलटी.

मग हे संस्कृत ‘बल’च का? टॉल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक. हे साम्य त्याच्या नजरेतून सुटले नसावे. तरी कल्पित भाषेतल्या शब्दाचे कूळ आधी तिच्याच घरात पाहावे. तिथे भेटतो ‘बॅलरॉग’, देवनागरीत बेसावधपणे लिहिल्यास ‘बालरोग’ होणारा अग्निराक्षस. १९३०च्या दशकातल्या टॉल्किनच्या धातुसंग्रहात यातला ‘बल’ अगदी निराळा: धातू ‘ङ्ग्वल्’, अर्थ छळणे, क्वेन्या रूप ‘मलराउको’. पुढे त्याचे ‘वलराउको’ झाले. छळणारा राक्षस बलाढ्य राक्षस ठरला आणि थेट देवांच्या धातूत जाऊन बसला.

हे वळण आपल्या ओळखीचे आहे. ऋग्वेदात वरुणाला ‘असुर’ म्हटले आहे, अवेस्तात तोच शब्द ‘अहुर’ मझ्द. नॉर्स देवकुळाचे ‘ऐसिर’ हे नावही याच गोतातले असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्याचाच जुना इंग्रजी भाऊबंद ‘ओस’, अनेकवचनी ‘एसे’, टॉल्किनने वलारांसाठी योजला होता. पुढे आपल्याकडे असुर दैत्य झाला आणि त्यातला ‘अ’ नकाराचा समजून ‘सुर’ मागाहून घडला, असे दिसते. इराणात नेमके उलट: आपल्या ‘देव’चा तिथला भाऊबंद ‘दएव’ दुष्ट ठरला, फारसीत ‘दीव’ म्हणजे राक्षस. त्याने झपाटलेला तो ‘दीवाना’; मराठीत आलेला ‘दिवाणा’ तोच.

तेव्हा ‘वला’ संस्कृत ‘बला’तून आला, असे सांगण्याचा मोह टाळावा. टॉल्किनने संस्कृत शब्द उचललेला दिसत नाही. देव आणि दानव यांना एकाच धातूत नांदवण्याची भाषांची जुनी खोड मात्र त्याने पुरती ओळखली होती.