नॉर्मन राजांचा वारसाहक्क आणि राज्याभिषेक (१०६६–११५४)

इ. स. १०६६ ते ११५४ या काळात इंग्लंडच्या गादीवर चार नॉर्मन राजे आले. त्यांपैकी एकही आधीच्या राजाचा ज्येष्ठ पुत्र म्हणून राजा झाला नाही. पहिला विजेता, दुसरा व तिसरा त्या विजेत्याचे कनिष्ठ पुत्र आणि चौथा तिसऱ्याचा भाचा होता. या अनियमिततेचे कारण केवळ व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेत शोधणे पुरेसे नाही. राजपद कशाने प्राप्त होते, या प्रश्नाला त्या काळी एकच एक सर्वमान्य उत्तर नव्हते, हे त्याचे खरे कारण होय. रक्तसंबंध, पूर्वराजाने केलेली नियुक्ती, सरदारांची संमती आणि धर्मपीठाकडून होणारा अभिषेक या चारही गोष्टी आवश्यक मानल्या जात. परंतु त्यांत विरोध उत्पन्न झाल्यास कोणती श्रेष्ठ मानावी, हे ठरलेले नव्हते. व्यवहारात निर्णायक ठरला तो अभिषेक.

एडवर्ड द कन्फेसर ५ जानेवारी १०६६ रोजी निपुत्रिक मरण पावला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरल्डला अभिषेक झाला. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याचा दावा एडवर्डच्या वचनावर व हॅरल्डने घेतलेल्या शपथेवर आधारलेला होता. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या रणांगणावर हॅरल्ड पडला, तेव्हा लंडन येथे जमलेल्या इंग्लिश पुढाऱ्यांनी जुन्या राजवंशातील एडगर एथलिंग याची निवड केली. रक्ताच्या दृष्टीने त्याचा हक्क सर्वांत निकटचा होता. परंतु त्याला अभिषेक झाला नाही, आणि म्हणून राजांच्या मालिकेत त्याची गणना होत नाही. विल्यमने मात्र नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर येथे विधिपूर्वक अभिषेक करवून घेतला. तलवारीने मिळवलेले राज्य केवळ तलवारीचे राहू नये, ही त्याची दृष्टी होती. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत जमिनींचे हक्क एडवर्डच्या काळापासून मोजले गेले व हॅरल्डचा निर्देश अर्ल म्हणून झाला, तो याच धोरणास अनुसरून.

९ सप्टेंबर १०८७ रोजी विल्यम मरण पावला. नॉर्मंडी ज्येष्ठ पुत्र रॉबर्टला व इंग्लंड विल्यम रूफसला मिळाले. धाकट्या हेन्रीच्या वाट्यास केवळ द्रव्य आले. वडिलार्जित प्रदेश ज्येष्ठास आणि स्वकष्टार्जित प्रदेश इच्छेनुसार, असा या वाटणीचा अर्थ काही इतिहासकार लावतात. तो सर्वमान्य नाही. परिणामाविषयी मात्र दुमत नाही. खाडीच्या दोन्ही तीरांवर जमिनी असणाऱ्या सरदारांना दोन धनी झाले आणि १०८८ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांनी रॉबर्टच्या बाजूने बंड केले. आर्चबिशप लॅनफ्रँकच्या हातून सतरा दिवसांत झालेला अभिषेक आणि इंग्लिश प्रजेचे साहाय्य यांवर रूफस तरला.

२ ऑगस्ट ११०० रोजी रूफस न्यू फॉरेस्टमध्ये शिकार करताना बाण लागून मेला. रॉबर्ट त्या वेळी धर्मयुद्धाहून परतीच्या मार्गावर होता. हेन्रीने थेट विंचेस्टर गाठून खजिना ताब्यात घेतला, आणि ५ ऑगस्टला त्याला अभिषेकही झाला. त्याच प्रसंगी त्याने काढलेली सनद, म्हणजे पूर्वराजाच्या जुलमी वसुलीचा त्याग करण्याचे अभिवचन, ही दुबळ्या हक्काची किंमतच होती. पुढे ११०६ मध्ये तँशब्रेच्या लढाईत त्याने रॉबर्टला पकडून नॉर्मंडीही घेतली.

ज्याने स्वतः ज्येष्ठाचा हक्क डावलला, त्याच हेन्रीला आपल्या संततीसाठी वंशपरंपरेचा आश्रय घ्यावा लागला. ११२० मध्ये 'व्हाइट शिप' बुडून त्याचा एकुलता औरस पुत्र गेला. तेव्हा कन्या मटिल्डा हिच्या वारसाहक्कास त्याने सरदारांकडून शपथेने मान्यता घेतली. परंतु १ डिसेंबर ११३५ रोजी तो मरण पावताच स्टीफनने लंडन व विंचेस्टर गाठले, आणि २२ डिसेंबरला तो राजा झाला. शपथ घेणाऱ्यांत तो स्वतःही होता. त्यानंतरच्या यादवीत अभिषेकाचे सामर्थ्य पुन्हा प्रत्ययास आले. ११४१ मध्ये स्टीफन कैदेत पडला, तरी त्याचे राजपद नष्ट झाले नाही. उलट विजयी मटिल्डाला लंडनकरांनी हाकलून लावल्यामुळे तिचा अभिषेक कधीच झाला नाही. मात्र हेच शस्त्र स्टीफनवरही उलटले. ११५२ मध्ये पुत्र यूस्टेस याला आपल्या हयातीतच अभिषेक व्हावा, ही त्याची मागणी आर्चबिशप थिओबाल्डने नाकारली.

अखेर ११५३ च्या विंचेस्टर तहाने स्टीफनने मटिल्डाच्या पुत्राला, हेन्रीला, आपला पुत्र व वारस मानले. २५ ऑक्टोबर ११५४ रोजी स्टीफन मरण पावला, तेव्हा हेन्री नॉर्मंडीत होता. त्याचा अभिषेक १९ डिसेंबरला झाला. ११०० मध्ये तीन दिवसांचा विलंबही धोक्याचा वाटला होता. ११५४ मध्ये गादी पंचावन्न दिवस रिकामी असूनही कोणी विंचेस्टरच्या खजिन्याकडे धावले नाही. वारसाहक्क निर्विवाद झाला होता असे नव्हे; ११७० मध्ये खुद्द दुसऱ्या हेन्रीनेही आपल्या हयातीत पुत्राला अभिषेक करवला. राजाच्या मृत्यूबरोबरच वारसाचा अंमल सुरू होण्याची प्रथा १२७२ मध्ये दिसते, जेव्हा दूर धर्मयुद्धावर असलेल्या पहिल्या एडवर्डची राजवट अभिषेकापूर्वीच सुरू झाली. तथापि त्या प्रथेची पूर्वतयारी एकोणीस वर्षांच्या यादवीने केली होती. राज्य हे धावण्याच्या शर्यतीतील पारितोषिक असेल, तर प्रत्येक मृत्यूबरोबर शांततेचाही अंत होतो, हा धडा सरदारांना व धर्मपीठाला तिने शिकवला.