सेनगावची शेती: सालगड्यापासून यंत्रापर्यंत
सेनगाव तालुका हिंगोली जिल्ह्यात येतो. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे इथलीही जुनी शेती सालगडी आणि बैलजोडी यांच्या बळावर चाले. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे. नांगरट, वखरणी, पेरणी, डवरणी, गुरांचे चारापाणी आणि रानातली जागल हे सारे त्याच्याकडे असे. ज्वारीची रास खळ्यावर बैलांची पात फिरवून होई आणि उफणणी वाऱ्याच्या भरवशावर चाले.

पुढे वाटण्यांमुळे राने लहान झाली. महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले. घरेही लहान झाली. राज्याचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) 1992-93 च्या पाहणीत सुमारे 2.9 होता, तो 2019-21 मध्ये 1.7 झाला. मुले शिकली, शहरांत गेली. मराठवाड्यातली अनेक मजूर जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. वर्षभर बैल सांभाळायला घरात माणूस उरला नाही, तशी दावणही रिकामी झाली.

नेमक्या याच काळात सोयाबीन वाढले. त्याची काढणी लांबली तर शेंगा तडकतात, पाऊस लागला तर दाण्याला कोंब फुटतो. त्यामुळे एकाच आठवड्यात सगळ्यांना माणसे हवी असतात. कापणी अजूनही बरीचशी टोळ्या गुत्त्याने करतात, पण मळणी ट्रॅक्टरवरच्या यंत्राकडे गेली. गंजीवरची ताडपत्री काढायची, चार-पाच जणांनी पेंढ्या यंत्रात सारायच्या; एका बाजूने पोती भरतात, दुसरीकडे भुसकट पडते. दोन-तीन एकरांसाठी यंत्र विकत घेणे परवडत नाही, म्हणून ते भाड्याने येते.

माणसे कमी पडली की यंत्र येते, हे फक्त शेतीत घडत नाही. डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले, की जिथे कामाच्या वयाची माणसे घटून वयस्कांचे प्रमाण वाढते तिथे कारखान्यांत रोबो लवकर येतात. जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया ही त्याची उदाहरणे. मराठवाड्यात मात्र तरुण हात कमी पडले ते मुख्यतः स्थलांतराने.

यांत्रिकीकरणाची दुसरी बाजू ऊसपट्ट्यात दिसते. तोडणी मजूर मिळेनासे झाल्याने राज्य सरकारने 2023 मध्ये ऊसतोडणी यंत्रांना अनुदान जाहीर केले. ही यंत्रे वाढतील तसे मराठवाड्यातल्या कोयत्यांचे, म्हणजे ऊसतोड जोडप्यांचे, हंगामी काम घटेल. म्हणून यंत्राबरोबर गावातच दुसऱ्या रोजगाराची सोय होणे गरजेचे आहे.