चवडा, टाच की पायाची पाठ?

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांची सवय असलेला माणूस तिथे कुठल्याही जनावराच्या थेट मागे उभा राहत नाही. तो खांद्याच्या बाजूने जवळ जातो, कारण दुगाणी झाडायला घोड्याला फार वेळ लागत नाही. दुगाणी झाडताना कुठल्या भागाने मारायचं, हा प्रश्नही घोड्याला पडत नाही. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट उरलंय आणि त्या बोटाचं नख म्हणजे खूर. मारायला तेवढंच आहे.

माणसाचं तसं नाही. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात आणि त्यातली बरीचशी बारीक. म्हणून लाथ मारायची म्हटली की आधी निवड करावी लागते. मराठीत या निवडीसाठी शब्द तयार आहेत. बोटांच्या मुळाशी असलेला तळव्याचा फुगीर भाग म्हणजे चवडा. मागे टाच, बाहेरच्या बाजूला पावलाची कड, वर पायाची पाठ. घोट्याच्या वर गेलं की नडगी. कराटेच्या वर्गात यांनाच कोशी, काकातो, सोकुतो आणि हाईसोकु म्हणतात. सोकुतोचा शब्दशः अर्थ ‘पायाची तलवार’.

यातलं ‘बरोबर’ कोणतं, असं नवशिका विचारतो आणि शिक्षक एक उत्तर देतो. सरळ लाथेला चवडा, बाजूच्या लाथेला कड, मागच्या लाथेला टाच. उत्तर चुकीचं नाही. अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र आहेच: तेच बळ लहान जागेवर पडलं तर दाब वाढतो. चवडा लहान आहे, भक्कम आहे आणि त्याच्या मागे सगळ्या पायाचं वजन उभं राहतं. पण इतिहास बघितला तर वेगवेगळ्या लोकांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि पावलाची हाडं सगळीकडे तीच होती. बदलत होतं ते पायात काय घातलंय, समोर कोण आहे आणि फटका मोजणार कोण.

सुरुवात ओकिनावापासून करू. कराटे तिथलं. तिथल्या उएची-र्‍यू या शैलीत आजही बोटांच्या टोकाने लाथ मारायला शिकवतात. अंगठा वाकवून शेजारच्या बोटांचा त्याला टेकू द्यायचा आणि ते टोक खिळ्यासारखं घुसवायचं. या शैलीचे संस्थापक कानबुन उएची १८९७ मध्ये चीनमधल्या फुजोऊला गेले आणि तिथे बरीच वर्षं शिकले. अशी लाथ काही महिन्यांत येत नाही. बोटं घडवायला वर्षं लागतात आणि घाई केली तर बोट मोडतं. मोजके शिष्य आणि हातात भरपूर वेळ असेल तर हे जमतं.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंको इतोसु यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांमध्ये नेलं. १९०८ मध्ये कराटेच्या शिक्षणाबद्दल त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे कराटे जपानच्या विद्यापीठांत पोचलं. आता एका वेळी रांगेत उभी राहिलेली डझनावारी मुलं शिकणार होती. रांगेतल्या सगळ्यांना शिकवता येईल अशी लाथ म्हणजे बोटं वर ओढून चवड्याने मारलेली लाथ. शाळेच्या गणितात ती चपखल बसते. आज जगभरच्या वर्गांत पहिली लाथ म्हणून तीच शिकवतात, आणि नंदुरबारच्या वर्गातही शिक्षक ‘बोटं वर घ्या’ असंच ओरडतात.

त्याच्या आधीच्या शतकात फ्रान्समध्ये उत्तर वेगळं निघालं होतं. तिथल्या लाथांच्या खेळाचं नाव सावात, आणि या शब्दाचा अर्थच जुना बूट. मार्सेयच्या खलाशांच्या लाथांच्या खेळाला शोसाँ म्हणत, म्हणजे सपाता. पॅरिसमध्ये मिशेल कास्यू यांनी १८२५ मध्ये शिकवणी सुरू केली. पुढे शार्ल लकूर यांनी त्यात इंग्रजी बॉक्सिंगचे ठोसे मिसळले. पॅरिसच्या रस्त्यावर माणूस बुटात असे, म्हणून लाथही बुटाची. बुटात बोटं सुरक्षित असतात, त्यामुळे बुटाच्या टोकाने मारलेली फटकेबाज लाथ ही या खेळाची ओळख झाली. ओकिनावात ज्यासाठी वर्षं घालवावी लागत, ते काम इथे चांभाराने करून ठेवलं होतं. आजही सावातमध्ये बूट सक्तीचे आहेत आणि नडगीने मारलेलं चालत नाही. थायलंडच्या मुए थाईत नेमकी नडगीच मुख्य हत्यार आहे.

मग आलं यंत्र. तायक्वांदो २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून अधिकृत पदकाचा खेळ झाला. घोट्याच्या खालचा पायाचा कुठलाही भाग चालतो, असा त्याचा नियम आहे. सुरुवातीला लाथ बसली की नाही हे पंच डोळ्यांनी आणि आवाजावरून ठरवत. त्यावरून वाद इतके झाले की २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छातीच्या कवचात आणि पायमोज्यात सेन्सर बसवले गेले. मोज्याची ठरावीक जागा कवचाला ठरावीक जोराने लागली की गुण.

सेन्सरशी रोज काम पडणार्‍या माणसाला पुढचं सांगायला नको. जे मोजलं जातं, त्याच्याभोवती वागणं जमा होतं. पूर्वी पायाच्या पाठीने मारलेली, फाडकन आवाज करणारी लाथ पंचांना पटत असे. आता पुढचा पाय हवेत धरून तलवारबाजीसारखं टोचत राहणारे खेळाडू दिसू लागले. अगदी जवळून पाय विचित्र वाकवून मोजा कवचाला टेकवणार्‍या लाथाही आल्या. जुन्या शिक्षकांना ते बघवत नाही, पण खेळाडूचं चुकलं असं म्हणता येत नाही. मोज्यात सेन्सर जिथे आहे, तिथेच त्याची लाथ गेली.

आपल्याकडे या प्रश्नाची फार जुनी दोन उत्तरं आहेत, पण लाथेच्या यादीत आपण ती धरत नाही. कुस्तीत लाथ मारायची नसते, तरी पाय सतत कामाला असतो. ‘टांग मारणे’ म्हणजे आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायात अडकवून त्याला उलथवणं. इथे पाय आकड्यासारखा वापरला जातो. जोर मारण्यात नसून अडकवण्यात असतो.

दुसरं उत्तर कबड्डीचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. चढाईवर गेलेला खेळाडूही लाथ मारतो, बाजूला आणि मागे. पण त्याला इजा करायची नसते, फक्त स्पर्श हवा असतो. त्यामुळे कराटेत जपायचा अवयव, म्हणजे बोटांचं टोक, इथे सगळ्यात मोलाचं ठरतं. पाय जितका लांब पोचेल तितका गडी टिपता येतो, आणि पायाचं शेवटचं इंचभर अंतर बोटंच देतात. त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. बोट पुढे गेलं की घोटा उघडा पडतो, आणि चांगला बचावपटू नेमका त्या घोट्याची वाट बघत बसलेला असतो.

आता हे सगळं नंदुरबारला का सांगायचं? कारण समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे. मुदत ३ महिने. अशा प्रशिक्षणात बहुतेक वेळा कराटे किंवा तायक्वांदोच्याच लाथा शिकवतात. म्हणजे अनवाणी पाय, सपाट जागा आणि बोटं वर ओढून चवडा. शाळेसाठी घडलेलं उत्तर शाळेतच शिकवलं जातं. पण मुलीला ज्याची गरज पडेल ती जागा शाळेचं मैदान नसते. ती धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या चढाच्या वाटेवर असते, नाहीतर एसटी स्टँडवर, आणि पायात बहुतेकदा अंगठ्याची चप्पल.

चप्पल घालून एकदा करून बघा. चप्पल पायात टिकवायला बोटं खाली दाबून पट्टा धरावा लागतो. चवड्याची लाथ बोटं वर ओढायला सांगते. दोन्ही एकदम होत नाही. वर ओढली तर चप्पल उडते आणि खडीवर एक पाय अनवाणी राहतो. दाबून धरली तर उघडी बोटंच आधी आदळतात. टाचेचं तसं नाही. ती चपलेतही आपल्या जागी घट्ट असते. समोरच्याच्या पायाच्या पाठीवर टाच जोरात आपटायला तीन वर्षांचा सराव लागत नाही, तोल फारसा जात नाही आणि तिथली बारीक हाडं त्याचीही तितकीच नाजूक असतात. मग हात सुटला की पळायचं.

सॉफ्टवेअरमध्ये साधा दंडक आहे: प्रोग्राम जिथे चालणार, तिथल्या परिस्थितीत तो तपासायचा. ३ महिन्यांच्या वर्गाला तो लावणं खर्चाचं काम नाही. निम्मे तास अनवाणी आणि निम्मे तास मुली ज्या चपला-बुटांत शाळेत येतात त्यांत, मातीवर आणि उतारावर घ्यावेत. पट्ट्याच्या परीक्षेला चवडा राहू द्यावा, पण वाटेवरच्या सरावाला टाच आणि गुडघा आधी यावेत. परंपरेला यात धक्का लागत नाही. इतोसुंनी आपल्या विद्यार्थ्यांकडे बघून आणि पॅरिसच्या उस्तादांनी आपल्या बुटांकडे बघून लाथ ठरवली. आपल्या शिक्षकांनी वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे बघून ती ठरवावी.